छातीची उजवी बाजू

कर्नलसाहेब,

तुमच्यावर लिही, असं मला कॉलेजमधल्या बाईंनी सांगितलं. वार्षिक अंकात चार पानं ठेवली आहेत म्हणाल्या. "तू ओळखत होतीस ना त्यांना?" मी हो म्हटलं. वर्गाबाहेर आल्यावर मात्र वाटलं, खरंच ओळखत होते का? तुमचा जन्म कुठल्या साली झाला ते मला माहीत नाही. तुमच्या बदल्या कुठं कुठं झाल्या ते शोकसभेत तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. मला तुमचा फक्त एक फोटो नीट माहीत आहे. काळा बंद गळ्याचा कोट, केसांचा भांग डावीकडे, मान थोडी वळलेली, आणि छातीवर एका ओळीत सात पदकं. स्क्रीनवर तो मी इतक्या वेळा मोठा करून पाहिलाय की वरून तिसरं बटण किंचित सैल आहे हेही मला ठाऊक आहे. तेव्हा या फोटोबद्दलच लिहिते. बाकीचं मोठी माणसं लिहितील.

आपली ओळख माझ्या चुकीनं झाली.

मी बारावीनंतर उचगावात पिंटूदादाच्या डिजिटल बोर्डाच्या, म्हणजे फ्लेक्सच्या, दुकानात कामाला लागले होते. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि कॉम्प्युटरसमोर बसून काम करणारीही पहिलीच. वडील रोज निघताना एकच सांगायचे, "सांभाळून कर बाई. आपल्याला चूक परवडत न्हाय." ते साच्यात लोखंडाचा रस ओतायच्या कामाबद्दल बोलत असत, पण मी ते स्वतःला लावून घेतलं होतं.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला गावातल्या तरुण मंडळानं माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. बोर्ड आमच्याकडे आला. तुमचा फोटो डाव्या कोपऱ्यात बसत होता आणि तुमची मान बोर्डाच्या बाहेर वळलेली होती. पिंटूदादाचा एक नियम आहे. माणूस बोर्डाच्या बाहेर बघायला लागला की बोर्ड बसत नाही. त्यानं लांबूनच सांगितलं, "पलटी मार की." मी एक बटण दाबलं. तुम्ही आत बघायला लागलात. बोर्ड छान दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्कूटरवरून आलात. हेल्मेट काढलं, ते काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "चौकातला बोर्ड कुणी केला?"

पिंटूदादानं माझ्याकडे बोट केलं. अशा वेळी तो चपळ असतो.

"मी केला सर."

"मला का मारलंस?"

मला काही कळलं नाही. तुम्ही खिशातून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवलात. "मेडल कुठल्या बाजूला हायत?"

"डाव्या."

"आणि बोर्डावर?"

मग तुम्ही सांगितलंत की ज्याचं पदक त्यानं ते डाव्या बाजूला लावायचं, काळजाच्या बाजूला. तो माणूस गेला, तर त्याची बायको, आई, मुलगा यांना ते लावता येतं, पण उजव्या बाजूला. उजवीकडे पदकं दिसली की बघणाऱ्यानं समजायचं, ही दुसऱ्याची आहेत आणि तो दुसरा आता नाही. "म्हणजे तुझ्या बोर्डावर मी जिवंत हाय, पण ही मेडलं माझी न्हाईत. कुणा मेलेल्या माणसाची घालून मी चौकात उभा हाय. सगळी माजी सैनिक मंडळी सकाळपासून फोन करून हसायला लागल्यात."

पिंटूदादा पुढे झाला. "साहेब, पोरीची चूक न्हाय. तोंड भायेर जात हुतं तुमचं."

"जाऊ दे की भायेर. तीस वर्षं तिकडंच बघत हुतो."

तुम्ही हसलात, म्हणून पिंटूदादा हसला. मी नाही हसले. मी घरी जाऊन रडले. एक बटण दाबलं होतं मी, आणि एका माणसाची सगळी छाती चुकली होती.

त्यानंतर वर्दीतला कुठलाही फोटो आला की मी तुम्हाला पाठवायची. कुणाचा मुलगा भरती झाला, कुणी निवृत्त होऊन आला, त्याची जीपमधून मिरवणूक आहे, त्याचा बोर्ड. तुम्ही कधी फोनवर सांगायचात, बहुतेक वेळा स्वतःच यायचात. तुमची स्कूटर वळणावर दिसली की पिंटूदादा म्हणायचा, "आलं बघ हेडक्वार्टर." तुम्ही स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत म्हणायचात, "हं, ऑपरेटर, काय परिस्थिती?" माझं नाव तुम्ही फारसं घेतलं नाही. मला ते चालायचं. दुकानात बाकी सगळ्यांसाठी मी 'ए पोरी' होते. ऑपरेटर म्हणणारे तुम्ही पहिले.

हळूहळू माझं त्या बाबतीत नाव झालं. शेजारच्या गावांतून माणसं विचारत यायची, "मिलिट्रीवाल्याचा फोटो बिनचूक करणारी पोरगी कुठली?" हे मी वडिलांना सांगितलं, आणि जेवताना त्यांनी आईला तेच परत सांगितलं. माझ्याकडे तेवढी एकच कमाई होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचाच प्रश्न आला.

एकदा वीज गेली आणि दोन तास आली नाही. मशीन बंद, काम बंद. मी तुम्हाला विचारलं, "सर, ही सात कशाकशाची?"

तुम्ही बोटांवर मोजत सांगितलंत. एक बर्फात राहिल्याचं. एक अमुक इतकी वर्षं नोकरी केल्याचं. एक त्याहून जास्त वर्षं केल्याचं. एक सीमेवरच्या गडबडीच्या काळात तिथं हजर असल्याचं. एक देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा नोकरीत असल्याचं. एक जखम झाल्याचं. "सहा हजेरीची हायत बघ. जगलो, वेळेवर पोचलो, म्हणून मिळाली. शाळेत असतंय न्हाय का, एकही दिवस गैरहजर नसल्याचं बक्षीस?"

"आणि सातवं?"

"ते शौर्याचं."

पुढे काही सांगाल म्हणून मी थांबले. तुम्ही पिंटूदादाला चहा सांगितलात.

सातव्याची गोष्ट मला तुम्ही शामरावांच्या फोटोच्या निमित्तानं सांगितलीत. तुम्ही एक छोटा फोटो आणलात, ओळखपत्रावरचा, नखाएवढा, अर्धा पुसलेला. नाईक शामराव. वारणानगरच्या पलीकडच्या एका गावचे. "हा मोठा करून दे. फ्रेम करायचीय. त्याच्या घरात त्याचा धड फोटो न्हाय."

मी चार दिवस त्यावर काम केलं. डावा डोळा जवळजवळ नव्हताच. उजव्या डोळ्यावरून तो बनवावा लागला. तुम्ही रोज येऊन शेजारी बसायचात आणि सांगायचात, भुवई एवढी जाड नव्हती, कान थोडे बाहेर होते. तेव्हा तुकड्या तुकड्यानं सगळं बाहेर आलं. तुम्ही मेजर होतात. डोंगरावरची एक चौकी परत घ्यायची होती. चढताना तुमच्या मांडीला गोळी लागली आणि तुम्ही पडलात. शामरावांनी तुम्हाला ओढून दगडाआड ठेवलं आणि तुमच्या जागी ते पुढे गेले. चौकी मिळाली. ते परत आले नाहीत.

"माझ्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय, जखमी असतानाही नेतृत्व सोडलं नाही. खोटं न्हाय ते. दगडाआडनं मी वरडत हुतोच की. तेवढ्या वरडण्याला नेतृत्व म्हणत्यात."

"मग शामरावांना?"

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत. तिथं त्यांचा एकच डोळा पूर्ण झाला होता.

"दोन नावं वर गेली. त्याचा कागद मी लिहिला, हॉस्पिटलात पडून. माझा माझ्या साहेबांनी लिहिला. माझं इंग्रजी कसलं? मी घरातला शिकलेला पयलाच. जे झालं ते चार ओळीत लिहून दिलं. साहेबांनी दोन पानं लिहिली, काय सुंदर लिहिली. माझं नाव आलं. त्याचं न्हाय आलं." मग थोड्या वेळानं म्हणालात, "बाकी कारणं असतील. मला कुणी सांगितली न्हाईत. मला आपलं वाटतं, मी नीट लिहायला पायजे हुतं."

मी त्या अर्ध्या डोळ्यावर माऊस फिरवत राहिले. पण आजही, हा लेख लिहितानाही, प्रत्येक ओळ दोनदा तपासते. नीट लिहिलं नाही म्हणून माणूस मागे राहून जातो, हे मला तुमच्यामुळे माहीत आहे.

फ्रेम द्यायला तुम्ही मला तुमच्या गाडीतून बरोबर घेऊन गेलात. पिंटूदादानं सुट्टी द्यायला कुरकुर केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "डोळा तिनं केलाय. बरोबर बसलाय का ते तिला बघू दे." शामरावांच्या पत्नी हौसाक्का दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा दूधसंघात नोकरीला, तो कामावर गेला होता. त्यांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"कान बराबर हायत," त्या म्हणाल्या. एवढंच. डोळ्याबद्दल काही नाही. म्हणजे डोळा जमला होता.

चहा झाला. मग तुम्ही कोटाच्या आतल्या खिशातून एक डबी काढून त्यांच्यासमोर ठेवलीत. मला काही कल्पना नव्हती. हौसाक्कांनी डबी उघडली. आत ते सातवं पदक होतं.

"ह्ये काय?"

"ह्ये शामरावचं हाय, हौसाक्का. माझ्याकडं चुकून ऱ्हायलंय."

"चुकून? ईस वर्सं?" त्यांनी डबी बंद केली. त्यांचा आवाज चढला नाही, पण बाहेर कोंबड्यांना दाणे टाकणारी शेजारीण थांबून बघायला लागली. "सायेब, ह्याच्यावर नाव तुमचं हाय का त्यांचं?"

"माझं हाय."

"मग तुमचं तुमी घाला. मला इचारलं कुणी तर काय सांगू? सायबांनी दिलं म्हनून? आमच्या मान्साचं कुणी दिलं न्हाय, तर न्हाय. दुसऱ्याचं आणून हितं ठिवलं म्हंजी ते परत येनार हाय व्हय?"

तुम्ही मान खाली घातलीत. मी पहिल्यांदाच तुम्हाला असं बघत होते. हौसाक्कांनी डबी तुमच्या हातात दिली आणि लगेच विचारलं, "वांगी न्हेनार का? वाफ्यात चिक्कार आल्यात." तुम्ही हो म्हणालात. येताना गाडीत मागच्या सीटवर वांग्यांची पिशवी होती आणि तुमच्या खिशात डबी.

वाठारच्या पुढे आल्यावर तुम्ही बोललात. "ऑपरेटर, तुझा पयला बोर्ड बरोबर हुता."

"कुठला?"

"पलटी मारलेला. उजवीकडंच पायजेत ती. हे एक तरी. त्याचं मेडल त्याच्या घरात न्हाय घेत म्हणत्यात, तर मग मी लावायचं. पण कोटावर उजवीकडं लावता येत न्हाय. लोक कारण विचारणार. कारण सांगितलं की परत माझंच कौतुक. साहेब किती मोठ्या मनाचे. नको ते."

मग तुम्ही सांगितलंत, "मी गेलो की चौकात बोर्ड लागणार. तुमच्याच दुकानात येणार तो. तवा फोटो पलटी मार."

"नाही मारणार."

"का?"

"चूक आहे ती. तुम्हीच शिकवलंय."

"ऑर्डर हाय."

"मी तुमच्या पलटणीत नाही सर."

हे मी कसं बोलले ते मला माहीत नाही. तुम्ही मोठ्यानं हसलात, पण मी गंमत करत नव्हते. मला राग आला होता. तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं होतं, आणि त्यासाठी चूक माझ्या नावावर जाणार होती. लोक बोर्डाकडे बघून तुम्हाला नाही, मला हसणार होते. मी ते बोलूनही दाखवलं. म्हटलं, "सर, तुमच्याकडे सात आहेत. माझ्याकडे एवढं एकच आहे, की मी चुकत नाही."

तुम्ही हसायचे थांबलात. "बरोबर हाय," म्हणालात. "मग नको."

त्यानंतर हा विषय तुम्ही काढला नाही. मी दोनदा काढणार होते. एकदा तुम्ही दुकानात आलात तेव्हा गर्दी होती. दुसऱ्यांदा माझी परीक्षा होती आणि तुम्ही बाहेरूनच हात हलवून गेलात. मला विचारायचं होतं की 'मग नको' म्हणजे मनापासून नको, की मी नाही म्हटलं म्हणून नको. हे दोन वेगळे 'नको' असतात. ते राहिलं.

तुम्ही गेलात ती बातमी मंडळाची पोरं घेऊन आली. सकाळी अकराला तीन गाड्यांवरून सहाजण. तुम्ही पहाटे गेलात, मुलगी पुण्याहून निघाली आहे, दुपारी अंत्ययात्रा, त्याआधी चौकात बोर्ड पाहिजे. पोरं आपसात भांडत होती, 'भावपूर्ण' वर पाहिजे की खाली, फुलं किती, मंडळाचं नाव किती मोठं. पिंटूदादा नेहमीसारखा बाहेरून ओरडला, "फोटो हाय न्हवं आपल्याकडं? घे तोच."

होता. फोल्डरला नावच 'हेडक्वार्टर' होतं. मी तो उघडला, काळा कोट, डावीकडचा भांग, सैल बटण. फोटो मधोमध बसत होता. मान बोर्डाबाहेर जायचा प्रश्न नव्हता. पलटी मारायला कुठलंही कारण नव्हतं, आणि नंतर सांगायला कुठलीही सबब नव्हती.

मी तिथं किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "काय गं, हँग झालं का?" मला रडू आलं नव्हतं. मी फक्त हिशेब लावत होते, की तुम्ही आता मला काय म्हणणार. काहीच नाही. तुम्ही 'मग नको' म्हटलेलं होतं. तुमच्याकडून मी मोकळी होते. त्यामुळेच ते अवघड होतं. ऑर्डर असती तर मोडता आली असती.

मग मी एक बटण दाबलं. पहिल्यांदा दाबलं होतं तेच.

भांग उजवीकडे गेला. पदकंही. पोरांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. फुलं दोन्ही बाजूंना टाकली, 'भावपूर्ण' वर ठेवलं, आणि प्रिंटला दिलं.

हवालदारनाना दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तुमच्याच पलटणीतले, ऐंशीच्या घरातले. तुम्ही त्यांना घाबरायचात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. ते दुकानाच्या पायरीवर काठी आपटून उभे राहिले. "कोन हाय ती आर्टिस्ट?"

मी उठून उभी राहिले.

"मिलिट्रीचं तुला कळतंय म्हनत्यात. ह्ये कळतंय? मान्सानं जलम घातला, आनि शेवटच्या बोर्डावर त्याची छाती उलटी? लाज हाय का न्हाय?"

सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि नाना कदाचित तिथंच खाली बसले असते. पण वाठारच्या पुढचं तुमचं बोलणं मला आठवत होतं. कारण सांगितलं की परत कौतुक. हा लेख बाईंना द्यायचा की नाही, तेही मी अजून ठरवलेलं नाही.

"चूक झाली नाना," मी म्हटलं.

"चूक झाली म्हनं. पिंट्या, परत वर्दीचा फोटू हिच्या हातात दिऊ नगंस."

पिंटूदादानं मान हलवली. तेव्हापासून वर्दीचे बोर्ड तो स्वतः करतो. बोर्ड बदलायचं ठरत होतं, पण दोन दिवसांनी शोकसभा होती आणि तोच बोर्ड स्टेजमागे लावायचा होता, आता कशाला नवीन, म्हणून राहिला. घरी मी काही सांगितलं नाही. वडिलांना बाहेरून कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ध्यान कुठं हुतं तुजं?" मी म्हटलं, "साहेबांकडंच होतं." ते त्यांना पुरेसं वाटलं.

शोकसभा हायस्कूलच्या हॉलमध्ये झाली. मी शेवटच्या रांगेत बसले होते. हौसाक्का आल्या, आणि ओळखीचं कुणी दिसेना म्हणून माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तू ती डोळ्यावाली न्हवं?" म्हणाल्या. म्हणजे डोळा त्यांच्या लक्षात होता.

भाषणं झाली. मग तुमची मुलगी बोलायला उभी राहिली. पांढरी साडी, आणि खांद्याखाली, उजव्या बाजूला, तुमची सातही पदकं.

हौसाक्का माझ्याकडे वाकल्या. "तिनं त्या बाजूला का लावल्यात?"

"वडील गेले ना, म्हणून. स्वतःची असली की डावीकडं. गेलेल्या माणसाची असली की घरच्यांनी उजवीकडं लावायची."

"आसं हाय व्हय?"

त्या पुढे बघत राहिल्या. तुमची मुलगी सांगत होती की तुम्ही घरी कधीच लढाईबद्दल बोलला नाहीत. तिच्या मागे बोर्डावर तुम्ही होतात, दहा फूट उंच. हौसाक्कांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तुमच्याकडे. मग परत माझ्याकडे वाकल्या.

"आनि ह्येंनी कुणाची लावल्यात?"

साहेब, हॉलमध्ये दोनशे माणसं असतील. त्यातल्या निम्म्यांनी चूक पाहिली होती. हा प्रश्न एकीनंच विचारला.

मी म्हटलं, "शामरावांचं आहे ते. एक तरी."

"कुणी म्हनलं?"

"साहेबांनी. तुमच्याकडून परत येताना. गाडीत."

त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग पुढच्या रांगेतले दोघं वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाल्या, "म्हनलं हुतं मी, तुमचं तुमी घाला. ऐकलंच न्हाय बघ मान्सानं."

सभा संपली. मंडळाची पोरं बोर्ड उतरवायला लागली. जुने बोर्ड लोक नेतात, गंजीवर टाकायला, शेणी-गोवऱ्या झाकायला, गोठ्याला आडोसा करायला. एक पोरगा तो ओढत बाहेर नेत होता. हौसाक्का उठून त्याच्याकडे गेल्या.

"ए पोरा, ह्ये कुठं टाकनार?"

"टाकतोय कुठं तरी मावशी."

"मला दे. शेन्या झाकाय हुईल."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आम्ही दोघींनी तो हॉलच्या फरशीवर पालथा पसरला. मी एका टोकाकडून गुंडाळायला घेतला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "आसं न्हवं." त्यांनी बोर्ड उलटा केला, तुमचा चेहरा आणि पदकांची ती बाजू आत जाईल असा, आणि मग सावकाश, कुठं सुरकुती पडणार नाही असा, स्वतः गुंडाळला. शेणी झाकायच्या बोर्डाला एवढं कुणी जपत नाही.

दोरी मात्र माझ्याकडून बांधून घेतली.